‘द मॅजिक राउंडअबाउट’च्या दुर्मीळ इंग्रजी आवृत्त्या : शोधाव्यात कशा, ओळखाव्यात कशा, जपाव्यात कशा

१९६४ साली फ्रान्सच्या ओआरटीएफ या सरकारी दूरचित्रवाणीवर ‘ल मानेज आंशांते’ ही पाच-पाच मिनिटांच्या भागांची बालमालिका सुरू झाली. सर्ज दानो हे तिचे कर्ते, आणि आयव्हर वुड या ॲनिमेटरची त्यांना सुरुवातीपासून मोलाची साथ होती. (पुढे ‘द वॉम्बल्स’ आणि ‘पोस्टमन पॅट’ ज्यांच्या हातून घडले, ते हेच वुड.) बाहुल्या किंचित हलवायच्या, एक चौकट टिपायची, पुन्हा हलवायच्या अशा पद्धतीने केलेल्या या मालिकेला काटेकोरपणे कार्टून म्हणता येणार नाही, पण प्रेक्षक सर्रास तसे म्हणतात आणि इथेही ते चालवून घेतले आहे. बीबीसीने १८ ऑक्टोबर १९६५ पासून ती ‘द मॅजिक राउंडअबाउट’ या नावाने दाखवायला सुरुवात केली आणि तिथे तिचा प्रेक्षकवर्ग ऐंशी लाखांच्या घरात गेला.

या मालिकेच्या इंग्रजी आवृत्त्या एकाहून अधिक आहेत, त्या वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या देशांत आणि वेगवेगळ्या हेतूने झाल्या, आणि त्यांपैकी काहींच्या प्रती सहज मिळत नाहीत. जुन्या व्हिडिओ कॅसेटच्या ढिगात, एखाद्या संग्राहकाकडे किंवा इंटरनेटवरील लिलावात ‘दुर्मीळ इंग्रजी डब’ म्हणून काही समोर आले, तर ते नेमके काय आहे हे ठरवायचे कसे, आणि ते खरोखर दुर्मीळ निघाले तर पुढे काय करायचे, याची रीत या लेखात क्रमाने दिली आहे. वेष्टनावरचे शीर्षक, विकणाऱ्याचे वर्णन आणि बालपणीची आठवण ही तिन्ही साधने कच्ची आहेत. निर्णय प्रत्यक्ष चित्र आणि प्रत्यक्ष आवाज यांच्या पुराव्यावरच द्यावा.

पहिली पायरी : आवृत्त्यांची वंशावळ पाठ करावी

मूळ फ्रेंच मालिकेत पात्रे आपापल्या आवाजात बोलतात. लांब केसांचा कुत्रा पोलुक्स तर फ्रेंच बोलताना ठसठशीत इंग्रजी हेल काढतो, आणि फ्रेंच प्रेक्षकांच्या दृष्टीने निम्मी गंमत त्यातच होती. ही गंमत इंग्रजीत आणणे अर्थातच अशक्य होते. बीबीसीने सुरुवातीला ही मालिका ‘इंग्रजीत डब करणे अवघड’ म्हणून बाजूला सारली होती. नंतर निवडलेला मार्ग डबिंगचा नव्हता. एरिक थॉम्पसन या नटाने फ्रेंच संहितेकडे पाठ फिरवली, चित्रे पाहिली, आणि त्यांवरून स्वतःच्या गोष्टी नव्याने लिहून एकट्याच्या आवाजात सांगितल्या. त्यांचा डूगल हा टोनी हॅन्कॉक या विनोदी नटाच्या कुरकुऱ्या ढंगाची आठवण करून देणारा, स्वतःवर खूश असलेला आणि साखरेसाठी जीव टाकणारा कुत्रा आहे. त्याचा मूळ पोलुक्सशी संबंध केसांपुरताच उरतो.

याचा शोधकार्यावर थेट परिणाम होतो. फ्रेंच भागाचे संवाद उतरवून काढून त्यांची इंग्रजी संवादांशी तुलना करण्याचा खटाटोप अनेक हौशी संशोधक करतात आणि दोन्ही जुळत नाहीत म्हणून भाग वेगळा आहे असा निष्कर्ष काढतात. थॉम्पसन यांच्या आवृत्तीत ते जुळणारच नाहीत. भागाची ओळख पटवायची तर चित्रावरूनच पटवावी लागते : पात्रे कोणत्या क्रमाने येतात, कोणती वस्तू दिसते, कुठे दृश्य बदलते.

नावेही बदलली. पोलुक्सचा डूगल झाला, मार्गोट या मुलीची फ्लॉरेन्स झाली, स्प्रिंगवर उड्या मारणारा झेबुलों झेबेडी झाला, अझाले गाय अर्मिंट्रूड झाली, आंब्रवाझ ही गोगलगाय ब्रायन बनली, गिटार वाजवणारा फ्लापी ससा डिलन झाला आणि मेरी-गो-राउंडचा म्हातारा मालक पेर पिव्वान मिस्टर रस्टी झाला. डूगल हे नाव फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष द गॉल यांची खिल्ली उडवण्यासाठी ठेवले अशी एक दंतकथा अजून फिरते. मूळ फ्रेंच मालिकेत डूगल नावाचे कोणी नव्हतेच, एवढे ध्यानात घेतले तरी फ्रेंच निर्मात्यांवरचा हा आळ टिकत नाही. या मालिकेविषयीची छापील आणि ऐकीव माहिती किती सावधपणे घ्यावी, याचा हा चांगला नमुना आहे.

बीबीसीवरील नव्या भागांचे प्रक्षेपण जानेवारी १९७७ मध्ये थांबले. दरम्यान १९७० साली दानो यांनी ‘पोलुक्स ए ल शा ब्लो’ हा पूर्ण लांबीचा चित्रपट केला होता. थॉम्पसन यांनी त्याचीही इंग्रजी आवृत्ती लिहिली, आणि ती १९७२ साली ‘डूगल अँड द ब्लू कॅट’ या नावाने प्रदर्शित झाली. त्यात मात्र ‘निळा आवाज’ (ब्लू व्हॉइस) या पात्रासाठी फेनेला फील्डिंग या नटीचा स्वर वापरला आहे, त्यामुळे ‘एकच पुरुषी आवाज म्हणजे थॉम्पसन’ ही खूण चित्रपटाला लागू पडत नाही. २०१० साली ब्रिटनमध्ये त्याची डीव्हीडी निघाली, तेव्हा तो आता दुर्मीळात मोडत नाही.

थॉम्पसन १९८२ साली वारले. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला चॅनेल फोर या ब्रिटिश वाहिनीने, तोवर ब्रिटनमध्ये न दाखवलेले ५२ भाग नायजेल प्लेनर यांच्या निवेदनासह आणले. प्लेनर यांनी थॉम्पसन यांची धाटणी जाणूनबुजून राखली होती. तिसरी शाखा अमेरिकेची. तिथे १९८० च्या दशकात निकेलोडियन वाहिनीच्या ‘पिनव्हील’ या कार्यक्रमात ही मालिका ‘द मॅजिक कॅरोसेल’ या नावाने दाखवली जात असे. आज ज्यांना शब्दशः दुर्मीळ म्हणता येईल अशा प्रती बहुतेक याच शाखेत सापडण्याचा संभव आहे, कारण ब्रिटनमध्ये या मालिकेला जे प्रेम मिळाले ते अमेरिकेत कधी मिळाले नाही आणि कोणी मुद्दाम काही जपून ठेवले नाही.

२००५ चा संगणकीय चित्रपट आणि त्याचे २००६ चे ‘डूगल’ हे अमेरिकी रूप वेगळ्या पिढीचे आहे, पण गोंधळ टाळण्यासाठी त्याचाही उल्लेख करतो. ब्रिटिश आवृत्तीत डूगलला रॉबी विल्यम्स यांचा आणि दुष्ट झीबॅडला टॉम बेकर यांचा आवाज होता. अमेरिकी वितरकाने बहुतेक आवाज बदलले, झीबॅडसाठी जॉन स्ट्युअर्ट यांना घेतले, जुडी डेंच यांचे निवेदन वरून चिकटवले आणि संवादांत त्या काळच्या अमेरिकी करमणूक-जगाचे भाराभर संदर्भ घुसडले. कायली मिनोग आणि इयन मॅकेलन यांचे आवाज तेवढे दोन्हीकडे राहिले. चित्रपट म्हणून हे अमेरिकी रूप केविलवाणे आहे. पण एकाच चित्रावर दोन इंग्रजी आवाजपट्ट्या चढल्यावर काय होते याचा अभ्यास करायला याहून सोयीची जोडी नाही, कारण दोन्ही प्रती विकत मिळतात. कान तयार करण्यासाठी नवशिक्याने तिथूनच सुरुवात करावी.

दुसरी पायरी : हाती आलेली प्रत ओळखणे

प्रथम पूर्ण भाग एकदा आवाज बंद करून पाहावा आणि दृश्यांची वेळेसह यादी करावी. ‘०० मिनिटे ४१ सेकंद : झेबेडी उजवीकडून उडी मारून येतो, ०० मिनिटे ५५ सेकंद : कुत्र्याच्या तोंडात पिशवी’ एवढी कोरडी यादी पुरते. मग चित्र न पाहता नुसता आवाज ऐकावा. दोन्ही गोष्टी एकत्र पाहिल्या की ओळखीचे चित्र कानाला फसवते आणि आपल्याला हवे ते ऐकू येऊ लागते.

सगळी पात्रे एकाच माणसाच्या आवाजात आणि ब्रिटिश उच्चारांत असतील तर थॉम्पसन किंवा प्लेनर यांपैकी कोणीतरी, असा पहिला कौल द्यावा. छोट्या तुकड्यात या दोघांत फरक करणे भल्याभल्यांना जमत नाही. तिथे तर्क वापरावा : प्लेनर यांचे भाग ब्रिटनमध्ये आधी दाखवलेलेच नव्हते, तेव्हा त्याच चित्राची थॉम्पसन यांची आवृत्ती कुठेही नोंदलेली असेल तर समोरचा तुकडा प्लेनर यांचा असण्याची शक्यता जवळजवळ संपते. अमेरिकी उच्चार, ‘कॅरोसेल’ हा शब्द असलेले शीर्षक, किंवा तुकड्याच्या आगेमागे ‘पिनव्हील’च्या बाहुल्या दिसणे, यांवरून तिसरी शाखा ओळखू येते.

रंगावरून काळ ठरवण्याचा मोह टाळावा. सुरुवातीचे भाग कृष्णधवल होते हे खरे. परंतु बीबीसीची पहिली वाहिनी १५ नोव्हेंबर १९६९ पर्यंत रंगीत नव्हती, त्यामुळे रंगीत चित्रित झालेला भागही प्रेक्षकांनी आधी कृष्णधवलच पाहिलेला असू शकतो, आणि स्वस्तातल्या यंत्रावर केलेली नक्कलही रंग गमावते. कृष्णधवल प्रत जुनी असेलच असे नाही.

त्यानंतर गती तपासावी. युरोपातील आणि भारतातील पाल पद्धतीत सेकंदाला २५ चौकटी असतात, तर अमेरिकेतील एनटीएससीत सुमारे ३०. पालवरून एनटीएससीत इलेक्ट्रॉनिक पद्धतीने रूपांतर केलेल्या प्रतीत एकेक चौकट थांबवून पुढे सरकले, तर मधूनमधून दोन चित्रे एकमेकांत मिसळलेली दिसतात. झेबेडी उडी मारतो त्या क्षणी त्याची स्प्रिंग दुहेरी, भुतासारखी दिसते. याउलट २५ चौकटींची फिल्म २४ च्या गतीने चालवून अमेरिकी फीत केली असेल, तर भाग सुमारे चार टक्के लांबतो आणि संगीत किंचित खालच्या पट्टीत वाजते. पाच मिनिटांच्या भागात हा फरक बारा सेकंदांच्या आसपास पडतो, म्हणजे साध्या घड्याळावरही तो कळतो. सुरुवातीचे ऑर्गनचे संगीत दोन्ही प्रतींत शेजारीशेजारी वाजवून पाहिले की कानही साक्ष देतो.

हल्ली आणखी एक भेसळ वाढली आहे. हौशी मंडळी फ्रेंच डीव्हीडीवरील स्वच्छ चित्रावर स्वतःचे किंवा यंत्राने बनवलेले निवेदन चढवतात. चित्र अतिशय स्वच्छ, आवाजात फितीची सळसळ अजिबात नाही, आणि निवेदनाच्या विरामात संगीतही एकदम तुटते, अशी तिन्ही लक्षणे एकत्र दिसली तर त्या प्रतीवर एक रुपयाही खर्च करू नये.

तिसरी पायरी : शोध घ्यावा तो आजूबाजूच्या कार्यक्रमांचा

पाच मिनिटांचा कार्यक्रम कोणी नाव लिहून टेप करत नाही. तो मोठ्या कार्यक्रमाच्या कडेला किंवा पोटात अडकलेला सापडतो. म्हणून ‘मॅजिक कॅरोसेल’ असे लेबल शोधत बसण्यापेक्षा १९८० च्या दशकातील ‘पिनव्हील’च्या घरगुती टेपा शोधाव्यात. हा कार्यक्रम १९९० पर्यंत चालला आणि अमेरिकी घरांतून तो तासन्‌तास टेप होत असे. प्लेनर यांच्या भागांसाठी त्या काळातील चॅनेल फोरच्या सकाळच्या कार्यक्रमांची रेकॉर्डिंग पाहावीत. बीबीसीच्या आवृत्तीचे स्थान संध्याकाळच्या बातम्यांच्या आधी होते, त्यामुळे एखाद्याने बातम्यांसाठी यंत्र थोडे लवकर सुरू केले असेल तर भागाचा शेवट, झेबेडीच्या ‘टाइम फॉर बेड’सह, फितीच्या तोंडाशी मिळू शकतो.

इथे यंत्रांचा इतिहास मदतीला येतो. मूळ प्रक्षेपण जानेवारी १९७७ मध्ये संपले आणि व्हीएचएस यंत्रे ब्रिटिश घरांत त्यानंतर पोहोचली. तेव्हा ‘१९७२ ला व्हीएचएसवर टेप केलेला भाग’ असा दावा ऐकला की तो तिथेच निकालात काढावा. त्या काळात घरी चित्र टेप करायचे तर फिलिप्सचे १९७२ चे एन१५०० हे यंत्र लागे, आणि त्याची जवळजवळ चौकोनी, दोन चकत्या एकावर एक बसवलेली कॅसेट पाहताक्षणी वेगळी कळते. अशी कॅसेट कुठेही दिसली तर तिच्यावर काय लिहिले आहे याची पर्वा न करता ती हातची जाऊ देऊ नये. मात्र ती चालवण्याचा प्रयोग स्वतः करू नये.

कागदोपत्री शोधासाठी ‘बीबीसी जिनोम’ हे संकेतस्थळ सर्वांत उपयोगी आहे. १९२३ ते २००९ या काळातील ‘रेडिओ टाइम्स’ साप्ताहिकातील कार्यक्रमपत्रिका त्यावर विनाशुल्क शोधता येतात. त्यात जे छापले आहे ते आधीच ठरवलेले वेळापत्रक आहे. प्रत्यक्षात काय दाखवले गेले याची नोंद कॅव्हर्शम येथील बीबीसीच्या लेखी दफ्तरखान्यात असते. मूळ फ्रेंच भागांसाठी फ्रान्सच्या आयएनए या राष्ट्रीय दृक्‌श्राव्य संस्थेची सूची पाहावी. ओआरटीएफ मोडीत काढल्यावर तिचा वारसा या संस्थेकडे आला. ब्रिटिश प्रतींसाठी बीएफआयच्या (ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटच्या) राष्ट्रीय संग्रहाची सूची इंटरनेटवर आहे. सूचीत नोंद आहे म्हणजे भाग लगेच पाहायला मिळतो असे नव्हे, पण तो हरवलेला नाही एवढे तरी नक्की कळते, आणि आपली प्रत दुर्मीळ आहे अशी द्वाही फिरवण्यापूर्वी एवढी खात्री करणे बंधनकारक मानावे.

महाराष्ट्रातील वाचकाचा या शोधात एक खरा, जरी लहान, वाटा असू शकतो. ब्रिटनमध्ये नोकरी करून परतलेल्या कुटुंबांनी मुलांसाठी आणलेल्या कॅसेटी आपल्याकडे अजून माळ्यावर पडून असतात. ब्रिटन आणि भारत दोघेही पालवाले देश असल्याने त्या आपल्या व्हीसीआरवर विनातक्रार चालतात. अमेरिकेतून आलेल्या टेपेला मात्र एनटीएससी वाचणारे यंत्र लागते.

चौथी पायरी : नुसत्या आवाजाची कॅसेट मिळाली तर

१९६० आणि ७० च्या दशकांत टीव्हीसमोर टेपरेकॉर्डर ठेवून कार्यक्रमाचा आवाज टिपून ठेवणारे लोक पुष्कळ होते, आणि थॉम्पसन यांच्या निवेदनाच्या बाबतीत अशी नुसत्या आवाजाची फीत चित्राइतकीच मोलाची ठरते, कारण चित्र फ्रेंच प्रतीत बहुधा उपलब्ध असते. हरवलेले असते ते निवेदन. अशा फितीचा काळ आणि देश ठरवण्याची एक देखणी युक्ती आहे.

जुन्या टीव्ही संचातून सतत एक बारीक शीळ निघत असे. पडद्यावर सेकंदाला जितक्या आडव्या रेषा काढल्या जात, तितकी तिची कंपनसंख्या असते. ब्रिटनच्या जुन्या ४०५ रेषांच्या पद्धतीत २५ चौकटींना ही संख्या १०,१२५ हर्ट्‌झ येते, नंतरच्या ६२५ रेषांच्या पद्धतीत १५,६२५ हर्ट्‌झ, आणि अमेरिकी रंगीत पद्धतीत सुमारे १५,७३४ हर्ट्‌झ. मायक्रोफोन संचाजवळ ठेवलेला असेल तर ही शीळ निवेदनाबरोबर फितीवर उतरते. फीत ‘वेव्ह’ स्वरूपात संगणकावर घ्यावी, ऑडॅसिटी या मोफत प्रणालीत उघडावी आणि स्पेक्ट्रोग्राम दृश्य, म्हणजे कोणत्या क्षणी कोणती कंपने आहेत याचे चित्र, निवडावे. बोलण्याचे ठिपके खाली गर्दी करतात आणि त्यांच्या बऱ्याच वर, पूर्ण लांबीभर, ताणलेल्या दोऱ्यासारखी एक सरळ आडवी रेघ दिसते. तीच ती शीळ. एमपी३ स्वरूपात हे करू नये, कारण त्या आकुंचनात वरच्या पट्टीतील कंपने आधी कापली जातात.

आता ती रेघ काय सांगते ते नीट समजून घ्यावे. ध्वनिमुद्रण ब्रिटनमधील आणि बीबीसीच्या पहिल्या वाहिनीवरील असेल, आणि शीळ १५,६२५ ची असेल, तर ते नोव्हेंबर १९६९ च्या आधीचे असू शकत नाही, कारण त्यापूर्वी ही वाहिनी ६२५ रेषांत प्रक्षेपित होतच नव्हती. उलट १०,१२५ ची शीळ मिळाली म्हणून ते १९६९ पूर्वीचे ठरत नाही, कारण जुनी पद्धत नव्या पद्धतीसोबत १९८५ पर्यंत चालू होती आणि अनेकांनी जुने संच टाकून दिले नव्हते. शीळ अजिबात दिसली नाही तर काहीच सिद्ध होत नाही. स्वस्त कॅसेट-रेकॉर्डर इतक्या वरच्या पट्टीपर्यंत पोहोचतच नसत. स्पूलवर, जास्त वेगाने केलेल्या ध्वनिमुद्रणात ती सापडण्याची आशा बरीच अधिक असते.

फितीचा वेग बरोबर होता का, हेही याच चित्रातून कळते. ब्रिटनमध्ये विजेच्या प्रवाहाची गुणगुण ५० हर्ट्‌झला आणि अमेरिकेत ६० हर्ट्‌झला असते. फीत दोन टक्के जलद चालत असेल तर ५० ची गुणगुण ५१ वर दिसेल आणि १०,१२५ ची शीळ सुमारे १०,३२८ वर. दोन्हींचे गुणोत्तर सारखे आले की वेगाची दुरुस्ती निःशंकपणे करता येते. भारतात ही तपासणी करताना मात्र एक खबरदारी घ्यावी. आपल्याकडेही वीज ५० हर्ट्‌झची आहे, त्यामुळे आपल्याच यंत्राची गुणगुण फितीत मिसळते. फीत थांबवून, यंत्र चालू ठेवून, अर्धा मिनिट शांतता टिपावी. त्यातही ५० ची रेघ दिसली तर ती आपल्या घरची आहे, फितीवरची नव्हे.

पाचवी पायरी : डिजिटल प्रत करणे

कॅसेट यंत्रात घालण्यापूर्वी तिच्या खिडकीतून उजेडात फीत पाहावी. फितीच्या कडांवर पांढरी भुकटी किंवा जाळी दिसली तर ती बुरशी आहे, आणि मुंबई-कोकणच्या दमट हवेत दहा पावसाळे काढलेल्या कॅसेटीत ती हमखास असते. बुरशीची कॅसेट चालवू नये. फीत तर खराब होतेच, शिवाय हेडवर बसलेले कण पुढच्या चांगल्या कॅसेटीलाही लागतात. ती हवाबंद पिशवीत वेगळी ठेवून जाणकाराकडे द्यावी. व्हीएचएस कॅसेट निरोगी असेल तर तिच्या मागच्या कडेची प्लास्टिकची छोटी पट्टी मोडून टाकावी, म्हणजे चुकून तिच्यावर दुसरे काही टेप होणार नाही. मग एकदा शेवटपर्यंत पुढे आणि पुन्हा मागे गुंडाळून घ्यावी.

उत्तम स्थितीतला व्हीसीआर, शक्य तर एस-व्हिडिओ जोडणीचा, त्यापुढे चित्राची थरथर सावरणारा टाइम बेस करेक्टर आणि मग संगणकात घेणारे कॅप्चर उपकरण, अशी साखळी जोडावी. पालसाठी ७२० बाय ५७६ हा आकार ठेवावा. चित्र एफएफव्ही१ सारख्या, काहीही न गमावणाऱ्या स्वरूपात साठवावे. पूर्ण असंकुचित दहा-बिट चित्राला तासाला सुमारे १०० जीबी जागा लागते, एफएफव्ही१ मुळे ती साधारण निम्म्यावर येते. आवाज ४८ किलोहर्ट्‌झ आणि २४ बिटचा घ्यावा. एकाआड एक रेषांची मूळ रचना तशीच राहू द्यावी, चित्र ‘सुधारू’ नये, रंग उजळू नयेत, सळसळ काढू नये. या सगळ्या गोष्टी पाहण्यासाठी केलेल्या दुसऱ्या प्रतीवर हव्या तितक्या कराव्यात. मूळ प्रतीत त्या केल्या तर दुसऱ्या पायरीत सांगितलेले बहुतेक पुरावे पुसले जातात.

आणि कॅसेट पूर्ण घ्यावी. हव्या त्या पाच मिनिटांआधीची जाहिरात, मागची बातमी, वाहिनीची उद्घोषणा, सगळे. तारीख ठरते ती याच अडगळीवरून. फाइल तयार झाल्याबरोबर तिचा एसएचए-२५६ ठसा (फाइल पुढे बदलली तर ते उघड करणारा अंक-अक्षरांचा संकेत) काढून ठेवावा, आणि निदान तीन प्रती, त्यांतली एक दुसऱ्या गावी, ठेवाव्यात.

सहावी पायरी : आवाज आणि फ्रेंच चित्र यांची जुळणी

नुसते निवेदन हाती असेल तर फ्रेंच प्रतीच्या चित्रावर ते बसवून भाग पुन्हा उभा करता येतो. आधी चौथ्या पायरीप्रमाणे वेग दुरुस्त करावा. मग सुरुवातीच्या संगीताचा पहिला स्वर जुळवावा आणि पुढे कानाला व डोळ्याला एकाच क्षणी जाणवणाऱ्या जागा धराव्यात. झेबेडीच्या स्प्रिंगचा ‘बॉइंग’ यासाठी अगदी नेमका पडतो. ब्रिटिश प्रक्षेपणात मधले काही कापलेले असू शकते. अशा ठिकाणी आवाज ताणून किंवा आखडून चित्रावर बसवू नये. तेवढे चित्र निःशब्द राहू द्यावे आणि नोंदीत तसे लिहावे. अशा प्रतीच्या पहिल्याच चौकटीवर ‘पुनर्रचना’ हा शब्द आणि दोन्ही मूळ साधनांचा उल्लेख कायमचा छापावा, नाहीतर काही वर्षांत हीच प्रत अस्सल प्रक्षेपण म्हणून फिरू लागते.

सातवी पायरी : हक्क आणि सुपूर्ती

टेप आपल्या मालकीची असली तरी तिच्यावरील कार्यक्रम आपला नसतो. ब्रिटिश कायद्यानुसार चित्रपटाचा स्वामित्वहक्क दिग्दर्शक, पटकथाकार, संवादलेखक आणि खास संगीत रचणारा यांच्यापैकी शेवटच्याच्या मृत्यूनंतर ७० वर्षे टिकतो. दानो १९९० साली वारले, म्हणजे २०६० च्या अखेरीपर्यंत तरी हक्क उभा आहे. भारतात चित्रपटाचे संरक्षण प्रसिद्धीनंतर ६० वर्षांचे असले, तरी संहिता आणि संगीत यांचे हक्क वेगळे आणि लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे चालणारे असतात. जुने आहे म्हणून मोकळे आहे, या समजुतीवर पूर्ण भाग इंटरनेटवर चढवू नये. दृश्यांची यादी, तारखेचा पुरावा, स्पेक्ट्रोग्रामचे चित्र हे सारे प्रसिद्ध करायला कोणाची हरकत नसते, आणि इतर संशोधकांना बहुतेक वेळा तेवढेच हवे असते. कॅसेट ज्याच्या घरून मिळाली त्याचे नाव-गाव मात्र त्याच्या लेखी संमतीशिवाय कुठेही देऊ नये.

खरोखर हरवलेला भाग हाती लागला असे वाटले, तर बीएफआयला कळवावे. हरवलेल्या ब्रिटिश कार्यक्रमांसाठीचा ‘मिसिंग बिलिव्ह्ड वाइप्ड’ हा तिचा उपक्रम १९९३ पासून चालू आहे. बर्मिंगहॅमची कॅलिडोस्कोप ही संस्थाही हेच काम करते. पहिल्या पत्रात फाइल जोडू नये. कॅसेटचा प्रकार, लेबलाचे छायाचित्र, दृश्यांची यादी, सुरुवातीच्या आणि शेवटच्या वाक्यांचे लेखन, आणि आपण ही आवृत्ती कोणत्या कारणांनी अमुक एक मानतो ते मुद्देसूद लिहावे. संस्थेने मूळ कॅसेट मागितली तर ती देणगी आहे की फक्त नक्कल करण्यापुरती उसनी, हे आधी पत्रात स्पष्ट करून घ्यावे. कॅसेट ताठ पुठ्ठ्याच्या खोक्यात उभी ठेवून, ओल लागणार नाही अशी बांधून, नोंदणीकृत पद्धतीने पाठवावी, आणि डिजिटल प्रतीची हार्ड डिस्क त्याच पार्सलमध्ये घालू नये.